अकरा वाजून एकतीस मिनिटांचा फोटो

सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला पाचएक तास गाडी हाकली की आयडाहो ओलांडून माँटानाच्या हद्दीवर वेस्ट यलोस्टोन नावाचं टीचभर गाव लागतं. उन्हाळ्यात तिथं यलोस्टोन पार्क बघायला येणाऱ्यांची जत्रा असते. आपल्यापैकी बहुतेकांनी भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन ती वारी केलेली आहेच. फेब्रुवारीत मात्र ते गाव वेगळंच असतं. रस्त्यावर बर्फ दाबून बसवलेला, आणि त्यावरून गाड्यांबरोबरीनं स्नोमोबाईल फिरत असतात. किराणा आणायला लोक स्नोमोबाईलवर जातात! सांगलीहून आलेले आमचे दाजी हे बघून म्हणाले, "म्हंजे ही यांची लूनाच की."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय एकसष्ट. आयुष्यभर ऊस आणि ट्रॅक्टर. आम्ही मंडळातले सहाजण दर हिवाळ्यात ही सफर करतो, त्यात यंदा दाजी सातवे. ताई गुडघ्यांमुळे मोटेलवर थांबली. बाकीच्यांची नावं घालत नाही, गावांवरून ओळखा: नागपूरकर, कोल्हापूरकर, दोघं पुणेकर नवरा-बायको आणि एक डोंबिवलीकर. पुढे गाईड, पन्नाशीची, अतिशय कमी बोलणारी बाई. एकूण आठ मशिनं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, वजन अडीचशे किलोच्या आसपास. उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल, डाव्या हाताशी ब्रेक, आणि मुठी गरम करायची सोय. क्यूबेकमधल्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिये या मेकॅनिकनं अशा गाड्यांमागे आयुष्य घातलं. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद, हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही, आणि पोर गेलं. आज आपण मौजेसाठी चालवतो ती छोटी 'स्की-डू' त्यानं १९५९ साली बाजारात आणली.

आम्ही निघालो ते पार्कात नाही. पार्कात ठरलेल्या रस्त्यावरूनच जावं लागतं. आम्ही गेलो बाहेरच्या राष्ट्रीय जंगलातून टू टॉप नावाच्या डोंगरावर. खंडाची पाणलोट रेषा तिथून जाते. रेषेच्या एका अंगाचं पाणी मिसूरी-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला, दुसऱ्या अंगाचं स्नेक नदीतून पॅसिफिकला. आणि माथ्यावर असतात 'बर्फाची भुतं'. वाऱ्यानं आणलेलं दव आणि हिम झाडांवर थरावर थर गोठत जातं, इतकं की झाड दिसेनासं होतं आणि घोंगडी पांघरून उभी राहिलेली माणसंच तेवढी उरतात. मला त्यांचे फोटो हवे होते, आणि त्याहून जास्त हवा होता चढावर उडणाऱ्या भुरभुरीत बर्फातून येणाऱ्या आमच्या ओळीचा एक फोटो.

सकाळी उणे वीस. गाईडनं प्रत्येकाच्या छातीला बीकन बांधला. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर याच्या सिग्नलवरून शोधायचा. माझा फोन त्याच्याच शेजारच्या खिशात होता, तो तिनं काढायला लावला, कारण फोनमुळे सिग्नलमध्ये गडबड होते. मग तिनं तीनच गोष्टी सांगितल्या. डावीकडच्या उघड्या उभ्या उतारावर कोणी जायचं नाही. आपल्या मागचा दिसतोय ना हे बघत राहायचं. चुकलात, अडकलात तर मशीन सोडून हलायचं नाही. शेपटाला नेहमी अनुभवी माणूस लागतो, तो मी. माझ्यापुढे दाजी.

थंडीत फोटो काढणं म्हणजे कॅमेऱ्याचं बाळंतपणच. बॅटऱ्या गारठून झोपतात, म्हणून दोन जादा बॅटऱ्या बनियनजवळच्या खिशात. व्ह्यूफाईंडरवर श्वास सोडला की तो तिथंच गोठतो, म्हणून डोळा लावताना श्वास रोखायचा. सगळीकडे पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरतो आणि बर्फ राखेच्या रंगाचा करून ठेवतो. म्हणून उजेडाचं माप मुद्दाम एक-दीड पायरी वर ठेवायचं. उडता बर्फ पकडायचा तर शटर हजाराच्या पुढे आणि सूर्य समोर. आणि परतल्यावर कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा, नाहीतर आतल्या उबेनं त्याला घाम फुटतो. हे शेवटचं मी एक लेन्स गमावून शिकलो.

एक मोठं मोकळं माळरान आलं. गाईडला विचारून मी कडेला उभा राहिलो, सगळे समोरून गेले. ११ वाजून १८ मिनिटं. फोटो बरा आला, पण उजेड पाठीमागून होता. माळाच्या टोकाला सगळे दोन मिनिटं थांबले. पुढे चढावर झाडांतलं एक वळण होतं, आणि सूर्य बरोबर त्याच्यामागे. मी गाईडला म्हटलं, मी पुढे जाऊन उभा राहतो. तिनं विचारलं, "मग शेवटी कोण?" मी म्हटलं, "एवढ्यापुरतंच." वर सगळ्यांना सूचना दिली: जरा वेगात या म्हणजे बर्फ उडेल, आणि मागे वळून बघू नका, फोटोत चेहरे यायला हवेत.

आले सगळे. काय आले! सोनेरी धुरळा, त्यातून एकामागून एक काळ्या आकृत्या. मी श्वास रोखून बटण दाबत राहिलो. शेवटचा गेल्यावर कॅमेरा जॅकेटमध्ये कोंबला आणि ओळीच्या शेपटाला लागलो.

माथ्यावर पोचलो. भुतं उभी होती, धुकं उतरत होतं. पुणेकर वहिनी म्हणाल्या, "दाजी कुठायत?"

मी मागे बघितलं. मागे कोण असणार? मागे मीच होतो. नागपूरकरानं वळणानंतर मागे पाहिलं होतं, त्याला एक मशीन दिसलं, ते माझं. गाईडनंही शेपटाला मला पाहिलं आणि सगळे आले असं धरलं. मी जागेवर असणं म्हणजे सगळं ठीक असणं, असा तो नियम होता.

पोटात जो गोळा आला तो लिहून सांगता येत नाही. ताईचा चेहराच डोळ्यांपुढे आला. गाईड ओरडली नाही. म्हणाली, "कॅमेरा दे." पडद्यावर ११.१८ ला तिच्यामागे सहा मशिनं. ११.३१ ला पाच. म्हणजे माळाचं टोक आणि वळण यांच्या मधे. तिनं बाकीच्यांना तिथंच थांबवलं, मला मागे घेतलं आणि उतरू लागली. तो दीडेक मैल मला सॉल्ट लेकच्या रस्त्यापेक्षा लांब वाटला. १८८७ च्या जानेवारीत फ्रँक जे. हेन्स हा फोटोग्राफर हिवाळ्यातलं यलोस्टोन टिपायला गेला होता आणि वॉशबर्न पर्वतावर वादळात तीन दिवस वाट चुकला होता, ही गोष्ट मी आदल्या रात्रीच सगळ्यांना रंगवून सांगितली होती. ती नको तेव्हा आठवली.

वाट डावीकडे वळत होती तिथं एक माग सरळ गेलेला दिसला. तीसएक पावलं आत, पाईनच्या झाडांत, मशीन सीटपर्यंत रुतलेलं. शेजारी कमरेएवढ्या बर्फात दाजी, तिळाचा लाडू खात.

"काय पाव्हणं, झाला का फोटो?"

पुढच्याच्या धुरळ्यात त्यांना काही दिसेना, म्हणून सरळ गेले. तो धुरळा मीच मागितला होता. पाऊण तास ते तिथं उभे होते. हलले नाहीत. "बाई सांगून गेली हुती न्हवं, मशीन सोडू नगा म्हणून." आवाज ठणठणीत होता, पण गाईडनं आधी त्यांचे हात बघितले. फोन लावायला त्यांनी उजवा हातमोजा काढला होता. रेंज तर नव्हतीच, आणि दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. मी चोळायला गेलो, तिनं हात झटकला. चोळायचं नसतं. तिनं दाजींचा हात त्यांच्याच जॅकेटच्या आत, काखेत दाबून धरायला लावला. दहा मिनिटांनी बोटं लाल झाली आणि सणसणू लागली, तेव्हा दाजींच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. "हे चांगलं लक्षण," ती म्हणाली. तोवर आम्ही दोघांनी फावड्यानं पुढचा बर्फ काढला, पायांनी तुडवून उतार केला, आणि स्की धरून ओढत मशीन वाटेवर आणलं.

उरलेला दिवस मी शेपटाला होतो. कॅमेरा पिशवीत.

संध्याकाळी दाजींनी ताईला सांगितलं, "हाताला जरा गारठा लागला." मलाही गप्प बसायला लावलं. बोटांच्या टोकांची कातडी पुढे सोलून निघाली, आता बरी आहेत. एवढंच म्हणतात, थंडीत झोंबतात.

११.३१ चा फोटो माझ्या आजवरच्या फोटोंत सर्वात चांगला उतरला आहे, हे नाकारत नाही. मोठा करून सांगलीला पाठवला, कारण दाजींनीच मागितला. महिन्यापूर्वी ताईचा फोन आला. फोटो समोरच्या खोलीत लावलाय, येणारा प्रत्येकजण विचारतो, पण एक कळत नाही, म्हणाली, सगळ्यांना ओळखलं मी, ह्यात हे कुठले? मी म्हटलं, शेवटचे, धुरळ्यात आहेत, नीट दिसत नाहीत. हा लेख लिहिण्याआधी दाजींची परवानगी घेतली. अंक सांगलीला पोचायला पंधरा दिवस लागतात, तोवर तीच सांगतो म्हणाले.