दुसरी पंगत

दिवाळीची झाडलोट निघाली, की माझ्या हाताला नेमकी अशी एखादी वस्तू लागते, की झाडलोट तिथेच थांबते. यंदा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत खेळायचे एक यंत्र सापडले. वहीसारखे मिटणारे, दोन पडद्यांचे, हातात धरून खेळायचे. निन्टेन्डो डीएस. आमच्या चिरंजीवांचे ते. चिरंजीव आता नोकरीनिमित्त बंगळूरला असतात. यंत्राबरोबर दोन खेळही होते; एक वरच्या खाचेत बसणारा चिमुकला, दुसरा खालच्या खाचेत बसणारा जरा थोराड. चार्जर जोडला. यंत्र जिवंत झाले आणि केरसुणी बाजूला पडली, ती चार दिवस.

थोराड खेळ पहिला. ‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स’, 2003 सालचा. चिमुकला त्याचा उत्तरभाग. जपानात तो 2007 साली निघाला, अमेरिकेत 2008 साली. दोन्ही स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचे, आणि दोहोंचे दिग्दर्शकही एकच, युइची मुरासावा.

खेळ पटावरचाच. चौकोनांच्या मैदानावर आपले पाचसहा गडी, समोर शत्रूचे, आणि आळीपाळीने चाल. पण बुद्धिबळातले प्यादे शंभर डाव खेळले तरी शहाणे होत नाही. इथले प्यादे शिकते. हाती दिलेले शस्त्र वापरता वापरता त्यातली विद्या त्याच्या अंगी मुरते, मग शस्त्र काढून घेतले तरी विद्या राहते. कुणाला धनुर्धर करायचे, कुणाला मांत्रिक, हे ठरविण्यात तासन् तास जातात. वेळ वाया गेला असे वाटत नाही, हीच त्यातली मेख.

एखाद्या गाजलेल्या गोष्टीचा दुसरा भाग म्हणजे लग्नातली दुसरी पंगत, असे मला नेहमी वाटते. वाढप्यांचा हात बसलेला असतो, पहिल्या पंगतीच्या चुका टळतात. पण मठ्ठा तेवढा पातळ झालेला असतो. या खेळाचेही तसेच आहे.

पहिल्या खेळात घोड्याएवढ्या पक्ष्यावर बसून एक चिलखती पंच लढाईत हजर असे. आज तलवार चालवायची नाही, उद्या अग्निमंत्र म्हणायचा नाही, असे त्याचे कायदे दिवसागणिक बदलत. चुकलात की फुटबॉलसारखे पिवळे कार्ड. फारच चुकलात की लाल, आणि तुमचा गडी तुरुंगात! माणूस शत्रूपेक्षा पंचालाच अधिक भिई. दुसऱ्या खेळाने हा जाच कमी केला. एका लढाईला एकच कायदा. पाळलात तर बक्षीस, शिवाय लढाईपुरती एक सवलत, तीही तुम्हीच निवडलेली. मोडलात तर सवलत जाते, आणि पडलेल्या सोबत्याला त्या लढाईत पुन्हा उठविता येत नाही. तुरुंग नाही. शिक्षा अशी असावी, की माणसाला चूक कळावी पण खेळ सोडावासा वाटू नये.

दुसरी सुधारणा मांत्रिकांची. पूर्वी ते पहिल्याच चालीला मोठा मंत्र टाकून मोकळे होत. आता मंत्रशक्ती शून्यापासून सुरू होते आणि प्रत्येक पाळीला दहादहाने वाढते. मोठ्या मंत्राला धीर धरावा लागतो. लोकांच्या जाती पाचाच्या सात झाल्या. मुलुख लिलावात बोली लावून ताब्यात घेता येतो. आणि सापडलेले किडूकमिडूक बाजारात दिले की दुकानात नवी शस्त्रे येतात.

दोष? आहेत. काही कायदे हाताबाहेरचे असतात. ‘वार चुकता कामा नये’ म्हणे! वार चुकणे काय माझ्या हातात आहे? बाजाराचा हिशेब इतका गुंतागुंतीचा, की कोणती वस्तू कशासाठी साठवायची हे वाण्याच्या पोरालाही उमगू नये. कामे शेकडो, पण पुष्कळशी ‘हे आण, ते पोचव’ या थाटाची. आणि सर्वांत मोठा दोष गोष्टीचा. उनाडक्या करणाऱ्या लुसो नावाच्या मुलाला उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर शाळेचे ग्रंथालय आवरण्याची शिक्षा होते. तिथल्या कोऱ्या पानांच्या पुस्तकात तो आपले नाव लिहितो आणि इव्हालिस नावाच्या जादूच्या मुलुखात जाऊन पडतो. पाने पराक्रमांनी भरली की घरी परत. इलुआ नावाची एक दुष्ट बाई अधूनमधून येते, पण ती नसती तरी कुणाचे फारसे अडले नसते.

पहिल्या खेळाची गोष्ट अशी नव्हती. तिथेही पुस्तक होते, तिथेही मुले होती. पण प्रत्येकाला काहीतरी सलत होते. मार्शचा धाकटा भाऊ चाकांच्या खुर्चीत, म्यूटची आई वारलेली, बायको गेल्यापासून म्यूटचा बाप दारूच्या आहारी गेलेला. पुस्तक उघडते आणि गावाचे इव्हालिस होते. तिथे भाऊ चालतो, धावतो. म्यूटची आई राणी होऊन परत येते. बाप साऱ्या पंचांचा प्रमुख होतो. आणि मार्श म्हणतो, हे खरे नाही, आपण घरी जाऊ. म्हणजे भावाचे पाय परत घ्यायचे आणि मित्राची आई. नायकच शहाणा की निर्दय, हे खेळणाराला ठरविता येत नाही.

आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याची आई 2007 च्या पावसाळ्यात गेली. यंत्र आणि पहिला खेळ मामाने अमेरिकेहून पाठविला होता. तो त्याने शेवटच्या लढाईपर्यंत आणला आणि ठेवून दिला. मी कारण विचारले.

“जमत नाही,” तो म्हणाला.

न जमणारा तो मुलगा नव्हता. म्हणून तो झोपल्यावर मी स्वतःचा डाव मांडला. महिनाभराने मीही त्याच दारात येऊन थांबलो. शेवटी राणीलाच हरवायचे होते. पण मला राणीपेक्षा म्यूटच्या बापाने अधिक छळले. आमच्या घरात दारू नव्हती. मात्र तिन्हीसांजेला दिवा न लावता बसून राहणारा एक माणूस होता.

2008 च्या दिवाळीत मामा आला तो दुसरा खेळ घेऊन. त्या सुट्टीत मुलगा त्यात बुडाला. लिलावात कितीची बोली लावू, म्हणून मला विचारायला येऊ लागला. एक दिवस, पंचाने त्याला भलत्याच कायद्यात पकडले, तेव्हा तो खदखदून हसला. ते हसू मी वर्षभर ऐकले नव्हते.

“कुठला चांगला रे?” मी विचारले.

“दुसरा. ह्यात घरी जायला कुणाचं काही मोडावं लागत नाही.”

समीक्षक म्हणून विचाराल, तर हाच त्या खेळाचा दोष आहे असे मी आजही सांगेन. पहिला खेळ मोठा, दुसरा नुसता चांगला. पण पातळ मठ्ठाच सोसतो अशीही दुखणी असतात.

परवा बंगळूरचा फोन आला. यंत्र सापडल्याचे मी सांगितले.

“बाबा, दुसऱ्यातल्या ग्रंथपालाचं आडनाव बघितलंत का?”

नव्हते बघितले. रात्री पाहिले. रँडेल. म्यूटचेच आडनाव! खेळ उघडपणे काही सांगत नाही. पण तो आईवेगळा मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, पुस्तकांत रमला, असे मानायला जागा ठेवतो. ज्याला मी उथळ म्हणत होतो, त्या खेळाच्या पहिल्याच प्रसंगात हे नाव होते. अकरा वर्षांच्या मुलाला ते दिसले होते, मला नाही.

सकाळी मी त्याला विचारले, “पहिला पुरा केलास का रे कधी?”

“कॉलेजात असताना. तुम्ही?”

मी विषय बदलला. दिवाळीला तो येतो आहे. माळा अर्धाच झाडून झाला आहे, आणि राणीच्या दारात माझा डाव अजून तसाच मांडलेला आहे.