लसणीच्या तेलाची वाटी

कोल्हापुराहून आजऱ्यामार्गे आंबोलीचा घाट उतरू लागलो की पाऊस खिडकीबाहेर राहत नाही. तो कपड्यांत, अंथरुणात आणि कानांतही शिरतो. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी गाडी थांबली तेव्हा श्रावणसर नुकतीच ओसरली होती. मित्राचे घर तिथून चार मैलांवर, माडांच्या सावलीत. त्याच्या आईंच्या, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकूंच्या, हातची कुळथाची पिठी खाण्यासाठी मी दर दोन वर्षांनी ही वाट धरतो.

या खेपेस काकू खाटेवर कान धरून बसल्या होत्या. वय 78, मधुमेह पंधरा वर्षांचा. चुलीवर खोबरेलात लसूण तळली जात होती आणि सूनबाई ते तेल कापसाने कानात सोडण्याच्या बेतात होत्या. ‘‘डाक्टरानू, तेल घालूक काय हरकत आसा?’’ काकूंनी विचारले.

प्रश्न पोरकट नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग सांगितले आहेत आणि कर्णशूलावर लसूण, आले, शेवगा, मुळा, केळ यांचा कोमट रस कानात घालण्यास सांगितले आहे. कोकणातल्या परसात यांतले बहुतेक सारे उभे असते. कोमटपणाने वेदना सुसह्य होते, हेही खरे. प्रयोगशाळेत लसणीतील ॲलिसिन जंतूंची वाढ रोखते. परंतु कानाचा पडदा शाबूत असेल, तर तेल त्याच्या अलीकडेच थांबते आणि मुलांची सर्दीनंतरची कानदुखी बहुधा पडद्यापलीकडची असते. पडदा फाटलेला असेल, तर तेच तेल नको तिथे पोहोचते. कच्च्या लसणीचा रस तर त्वचा भाजून काढतो.

माणसांवरचा पुरावा थोडा आहे, पण आहे. इस्राएलमध्ये लसूण, झेंडूच्या जातीतील कॅलेंड्युला इत्यादी वनस्पतींचे, ऑलिव्ह तेलात केलेले थेंब पडदा शाबूत असलेल्या मुलांना देऊन पाहिले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, 103 मुलांवरील अभ्यासात ते बधिरता आणणाऱ्या थेंबांइतकेच उपयोगी ठरले. 2003 च्या 171 मुलांवरील अभ्यासात त्यांचा गुण दिसला. मात्र वेदना ओसरण्याचा सुमारे 80 टक्के भाग नुसत्या काळानेच उलगडतो, असे संशोधकांनीच नमूद केले. आजी म्हणत, तिसऱ्या दिवशी कान थांबतो. तेलाचे श्रेय मात्र तिने काळाला कधी दिले नाही! शिवाय ते सारे पाच ते अठरा वर्षांचे रुग्ण होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मधुमेही कानाविषयी त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही.

म्हणून मी वाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि खिशातल्या बॅटरीचा झोत टाकला. कानाची पाळी हलवताच काकू कळवळल्या. नळी सुजलेली, आत ओलसर स्राव. दुखणे दहा दिवसांचे, रात्री झोपमोड करणारे. खाज सुटते म्हणून त्या केसातली पिन फिरवत होत्या, हे सूनबाईंनी हळूच सांगितले. साखर घरच्या यंत्रावर 290 निघाली. वृद्ध मधुमेही व्यक्तीत अशी दुखणी कानाच्या नळीतून कवटीच्या हाडात उतरू शकतात. पुढे चेहऱ्याची एक बाजूही लुळी पडते. दमट पावसाळ्यात तेलाने भिजलेल्या नळीत बुरशीला घर मिळते, ते वेगळेच. (मळ मऊ करण्यासाठी, पडदा तपासून घेतल्यावर, दोन थेंब कोमट तेल मीही सुचवतो. थंड थेंब मात्र नकोत. चक्कर येते, आणि म्हातारपणी पडणे कानापेक्षा महाग पडते.)

काकू जायला तयार नव्हत्या. ‘‘सणाचे दिवस’’ एवढेच त्यांचे म्हणणे. सूनबाई ठाम राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बांदा ओलांडून गोव्याच्या बांबोळी इस्पितळात गेलो. निदान माझ्या शंकेचेच निघाले, पण हाडाची झीज नुकती सुरू झालेली. सहा आठवडे प्रतिजैविके आणि साखरेवर कडक लक्ष, असा उपचार ठरला.

त्या रात्री निघण्यापूर्वी लसणीचे ते तेल सूनबाईंनी पिठीवर फोडणीसारखे ओतले. काकूंनी एका हाताने कान धरून दोन घास अधिक घेतले.