रंगावरून वय ओळखायचे दिवस

टकीलाचा रंग बघून तिचं वय सांगायचे दिवस आता गेले. मी आयटीच्या नोकरीसाठी मेक्सिकोत, ग्वादालाहारात होतो तेव्हा ते होते. निदान आमची तशी समजूत होती. मुंबईच्या पबांतून आम्ही शिकून गेलेली रीत म्हणजे हातावर मीठ, एका दमात शॉट, वर लिंबाची फोड. तिथल्या एका सहकाऱ्याच्या काकांनी ती मोडून काढली. काबायितो, म्हणजे उभट, अरुंद पेला, उजेडाकडे धरून ते शिकवायचे: पाण्यासारखी दिसते ती ब्लांको, फिकट पिवळी रेपोसादो, मधाच्या रंगाची आन्येहो. मग एक घोट टकीलाचा, एक आंबट-तिखट सांग्रिताचा. घाई नाही.

तो रंग ओकच्या पिंपाची देणगी. किमान दोन महिने मुरली की रेपोसादो, वर्षभर मुरली की आन्येहो. आन्येहोचं पिंपही 600 लिटरपेक्षा मोठं चालत नाही. तीन वर्षांपुढची 'एक्स्ट्रा आन्येहो' ही वर्गवारी 2006 सालची.

टकीला गावातल्या एका जुन्या भट्टीत काकांनी मूळ कारभारही दाखवला. निळ्या घायपातीचे गड्डे विटांच्या भट्टीत सावकाश वाफवलेले. त्यांचा रस काढायला ताओना, म्हणजे गोल खड्ड्यात फिरणारं ज्वालामुखी दगडाचं अजस्र चाक. कामगाराने शिजलेला एक तुकडा हातावर ठेवला. तपकिरी, चिकट, चघळला तर भाजलेल्या रताळ्याची गोडी, आणि शेवटी तोंडात नुसते दोरे.

आता मोठ्या कारखान्यांत डिफ्यूझर असतो. कच्च्याच घायपातीचा भुगा करून पाण्याच्या माऱ्याने साखर धुऊन काढायची, शिजवायचं ते नंतर. काम झटपट होतं, पण ते रताळं हरवतं. मग कॅरमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक यांची मदत घेतली जाते. एक टक्क्याच्या आत असेल तर लेबलवर लिहायचंही बंधन नाही. हे तेव्हाही चालायचं, फक्त गिऱ्हाईक विचारत नसे. त्यात क्रिस्तालिनोची भर पडली: पिंपात मुरलेली टकीला कोळशातून गाळून पुन्हा पाण्यासारखी करायची. कोवळी पोक्त दिसते, पोक्त कोवळी.

तरी सगळं जुनं ते सोनं म्हणवत नाही. ताओनावरची टकीला आता दूरदेशीच्या दुकानांतही मिळते. गिऱ्हाईक बाटलीवरचा 'नोम' क्रमांक वाचून कारखाना हुडकून काढतं. काबायितोत नाक शिरायचं नाही. आता दांड्याच्या, पोटाशी फुगीर ग्लासात वास छान कोंडतो. मी आधी हुंगतो. नुसता व्हॅनिलाचा भपका आला की सावध होतो. शिजलेली घायपात, मिरी, मग ओक असा क्रम लागला की जीव थंड होतो. पिंपात ती कितीही वर्षं मुरो, घायपात जिभेला लागलीच नाही तर ती नुसती महागडी गोड दारू.