हट्टी सील

पन्नाशी उलटली की माणसाला कसला ना कसला छंद जडतो. कोणी गुलाबाची कलमे करतो, कोणी ज्योतिषाची पुस्तके जमवतो, तर कोणी घराण्याचा वंशवृक्ष काढू लागतो. आम्ही मात्र गेल्या दिवाळीच्या सुटीत अंगणात गोणपाट पसरले आणि वडिलांची जुनी मोटारसायकल उघडावयास बसलो. तीस वर्षांत ज्याने खडूपेक्षा जड हत्यार हाती धरले नाही, अशा इंग्रजीच्या प्राध्यापकाने पाना उचललेला पाहून घरातील मंडळींची किती करमणूक झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गाडी यामाहा आरएक्स 100. आपल्याकडे ती 1985 पासून 1996 पर्यंत तयार होत असे. इंजिन अवघे 98 सी.सी.चे, पण दोन स्ट्रोकचे. आणि अंगाने हलकी असल्यामुळे मूठ पिळताच ती अशी उसळी घेई की, तिच्यानंतर जन्मलेली मुलेही आज तिचे नाव आदराने घेतात. वडिलांनी ती 1989 साली घेतली. 2009 साली ते गेले, वाटणी झाली, आणि कागदावर ‘मोटारसायकल एक’ अशी नोंद होऊन ती आमच्याकडे आली. आमच्या घरामागच्या पत्र्याखाली ती पंधरा वर्षे उभी होती.

इंजिनापर्यंत आमची मजल गेलीच नाही. पुढच्या फोर्कच्या डाव्या पायातच आम्ही अडलो. या पायात पोलादाची गुळगुळीत नळी ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात वरखाली होते. आत तेल असते. नळकांड्याच्या तोंडाशी रबराचे एक कडे घट्ट ठोकून बसवलेले असते, ते ऑइल सील. तेल बाहेर येऊ द्यावयाचे नाही आणि धूळ आत जाऊ द्यावयाची नाही, एवढेच त्याचे काम. रबर कडक होऊन त्याची कड फाटली की तेल पाझरू लागते. नवे सील फार महाग नसते. जुने निघणे हीच खरी अडचण. कारण त्याच्या पोटात पोलादी कडे असते, आणि वर्षानुवर्षे ते आपल्या जागी रुतून बसलेले असते.

आम्ही रीतसर पुस्तक वाचूनच कामाला लागलो होतो. सीलच्या वर तारेची एक कडी असते, ती आधी काढावी, असे त्यात लिहिले होते. आम्हांला तेथे गंजाखेरीज काही दिसले नाही. तेव्हा पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीने ती बसवलीच नसावी, असे आम्ही ठरवून टाकले. जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असे मानण्याची विद्वानांची खोड जुनी आहे. दोन संध्याकाळ आम्ही स्क्रू ड्रायव्हर घालून सील उचकटत होतो. रबराचे तुकडे निघाले. कडे तसूभर हलले नाही. अखेर हत्यार सटकले आणि ॲल्युमिनियमवर पांढरा ओरखडा उठला. हा धातू मऊ. सील जेथे बसते तेथेच खोल चर पडला, तर नवे सील घालूनही तेल त्या वाटेने पाझरणार. आम्ही चरकलो.

“अहो, भावजींना का नाही विचारत?” पत्नीने दारातूनच म्हटले.

दादाचे आणि आमचे बोलणे वाटणीपासून लग्नकार्यापुरते उरले होते. विहिरीच्या पाळ्यांवरून बिनसले, असे आम्ही सर्वांना सांगत आलो होतो. आम्हांलाही तेच खरे वाटत होते. त्या रात्री बऱ्याच येरझारा घातल्यावर आम्ही गावी फोन लावला. क्षेमकुशल विचारण्याच्या भानगडीत न पडता दादाने विचारले, “लॉक काढलंस का?”

“लॉक नाहीच आहे त्यात.”

“असणारच. मीच बसवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तो आला. चहा बाजूला ठेवून त्याने पत्नीकडे गोधडी शिवायची सुई मागितली आणि गंज टोकरावयास आरंभ केला. थोड्याच वेळात गंजाखालून तारेचे टोक उघडे पडले. त्यावर त्याने रॉकेलचे दोन थेंब सोडले आणि मग सावकाश चहा प्याला. टोकदार पकडीने कडी निघाली. नंतर नळकांड्याभोवती फडके गुंडाळून त्याने त्यावर उकळते पाणी ओतले. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण त्याचा उपयोग दादाला ठाऊक होता. कडेला लाकडाची चीप ठेवून त्याने चारी बाजूंनी थोडे थोडे उचलले, आणि दोन संध्याकाळ आम्हांला न जुमानणारे ते सील मुकाट्याने वर आले.

सील हट्टी नव्हते. त्याला जागेवर धरून ठेवणारी कडी तशीच ठेवून आम्ही त्याच्याशी झगडत होतो.

ओरखड्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवता फिरवता, मान वर न करता दादा म्हणाला, “वाटणीच्या दिवशी मी एवढी गाडीच मागणार होतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू यादी वाचत होतास.”

ती यादी आम्हीच केली होती. वस्तूंची नावे, किमती, बेरजा, सारे चोख होते. बाबांच्या अखेरच्या वर्षात दादा त्यांना याच गाडीवरून दवाखान्यात नेत असे. त्यासाठी आमच्या यादीत रकाना नव्हता. पंधरा वर्षे आम्ही विहिरीच्या पाण्याचा हिशेब मांडत बसलो, आणि गंज चढत होता तो दुसरीकडेच. आम्ही काही बोललो नाही. बोलावयास हवे होते. उठून गाडीची किल्ली आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती फडक्याने पुसून खिशात टाकली.

डाव्या पायात नवे सील बसले आहे. उजवा पाय अजून उघडलेला नाही. तो आम्हांला आता उघडता येईल, असे वाटते. पण दादा येत्या रविवारी येणार आहे, तोवर आम्ही पान्याला हात लावणार नाही.