जत्रेतला चित्रकार

सोळाव्या शतकात, आजच्या बेल्जियमच्या भूमीत, पीटर ब्रॉयगल नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. १६०४ साली छापलेल्या त्याच्या चरित्रात एक मौजेची हकीकत आहे. खेड्यात जत्रा किंवा लग्न असले, की तो व त्याचा एक मित्र शेतकऱ्यांचा वेष करून तेथे जात; वधूवरांचे सोयरे म्हणवून आहेरही करीत! परका पाहुणा दिसताच माणसे सावरून बसतात, हे तो जाणून असावा. लोक खात, पीत, नाचत. तो डोळे भरून पाही. १५६८ च्या सुमारास रंगविलेल्या ‘शेतकऱ्यांचे नृत्य’ या चित्रात ती जड पावले जणू आजही ठेका धरीत आहेत. शहराने ज्यांना गावंढळ म्हणून हसावे, त्यांना ब्रॉयगलने कलेच्या पंगतीत मानाचे पान मांडले. माणसे खरोखर पाहावयाची असतील, तर प्रथम त्यांच्यातलेच एक व्हावे लागते.