श्रीबैठकीची कुळकथा

चौल, जि. रायगड

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

जपानमधील तेनरी येथील मंदिराच्या लांब ओसऱ्या गुडघ्यांवर बसून पुसणारी माणसे पाहून, नाकायामा मिकी या शेतकरी घरातील स्त्रीपासून १८३८ साली उगम पावलेला पंथ कारखान्यांच्या युगात मावळण्याऐवजी फोफावला कसा, आणि तुझी आजी आठवड्याच्या ठरल्या वारी न चुकता जाते ती श्रीबैठकही त्याच जातीची काय, असे तू विचारले आहेस.

गावदेव मागे टाकून महानगरात लोटलेल्या माणसाला आप्त हवे असतात; युद्धोत्तर ओसाका-टोकियोत सोका गाक्काई या बौद्ध पंथाच्या घरोघरच्या सभांनी ते दिले. आमची हकीकत फारशी निराळी नाही. रेवदंडा चौलाला खेटून. पण तेथील नारायण विष्णू धर्माधिकारी, म्हणजे नानासाहेब, यांनी १९४३ च्या विजयादशमीस पहिली बैठक भरवली ती मुंबईत, गोरेगावास, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आमच्याच अलिबाग तालुक्यात चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून कित्येक वर्षे संप चालवला होता. खोतीच्या वसुलाने नाडलेला कोकणी माणूस गिरणीत, गोदीत, चाळीच्या सामाईक खोलीत येऊन पडला होता, आणि पगाराच्या दिवशी त्याची वाट गुत्त्यावरून जाई.

बैठकीत काय असते? सतरंजी, पुरुषांची निराळी, स्त्रियांची निराळी. दासबोधातला समास आणि त्यावर निरूपण. मिकीबाईंप्रमाणे येथे नवा साक्षात्कार नाही. ग्रंथ समर्थ रामदासांचा, सतराव्या शतकातला, तोही आपल्याच जिल्ह्यातील शिवथरघळीशी जोडलेला. नावीन्य आहे ते बंदोबस्तात: वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि ही शिस्त समर्थांइतकीच गिरणीच्या भोंग्यानेही शिकवली, असे माझे मत आहे (आजीस सांगू नकोस). दारू सुटून ज्या घरांत पगार शाबूत येऊ लागला, त्या घरच्या बायांना अशा चिकित्सेची गरज कधी भासली नाही.

तथापि शिस्तीस दुसरी बाजूही असते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला नानासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार अर्पण होताना लाखो सदस्य रणरणत्या उन्हात बसून राहिले आणि त्यातले काही उष्माघाताने दगावले; उठून सावलीत जावे असे किती जणांच्या मनात आले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

आजी मात्र बैठकीला नवा पंथ मानावयास मुळीच तयार नाही. चौलच्या डोंगरावरच्या दत्ताची जत्रा तिने कधी चुकवलेली नाही, आणि या दोहोंत तिला विसंगती दिसत नाही. तेनरीस पुन्हा गेलीस, तर एखाद्या वृद्ध सभासदास त्याचे घराणे मूळ कोणत्या खेड्यातले, आणि तेथील देवळाशी संबंध उरला आहे का, एवढे विचारून कळव.

तुझा,
मामा