आरशाची कांचळी

दिवाळी जवळ आली की मला एक प्रश्न हटकून पडतो. आपण नवे करतो म्हणजे नेमके काय करतो? आकाशकंदील तोच असतो, कागद तेवढा यंदाचा. रांगोळीचे ठिपके आईचे, रंग मात्र लेकीचे! कपड्यांची कल्पना रेखाटणाऱ्या कलावंताचेही असेच नसेल का?

भानू अथैया यांचेच पाहा ना. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेली ही चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांची मुलगी. घरात रंग नि कुंचले. पुढे मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकून त्या चित्रपटांची वेषभूषा करू लागल्या. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रे निरखली आणि भिंतीवरच्या त्या स्त्रियांचा पेहराव वैजयंतीमालेच्या अंगावर उतरवला. ‘गांधी’च्या वेषभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. चित्रपट साहेबाने काढला खरा. पण धोतराचा सोगा कसा पडतो, कामाच्या घाईत डोक्यावरचा पदर कुठवर सरकतो, हे पुस्तकात थोडेच सापडते? ते लहानपणापासून बघून बघून डोळ्यांत मुरावे लागते.

आता कोल्हापूर कुठे नि आमचे जऊळका कुठे! पण वाशीम जिल्हा हा बंजारा तांड्यांचा. त्यांची पोहरादेवी इथलीच. परवा चित्रकलेच्या तासाला मी मुलांना साडीचा काठ काढायला सांगितला. बहुतेकांनी पुस्तकातली कोयरी उतरवली. तांड्यावरच्या एका मुलीने मात्र चौकोन, त्रिकोण आणि मधूनमधून वर्तुळे काढली होती. मी जवळ जाताच ती घाईने पुसू लागली.

“का वं, पुसतं कायले?”

“सर, हे माह्या आजीच्या कांचळीवरचं व्हय. पोरी हासतात मले.”

“अन् हे गोल?”

“आरसे.”

मग तिने सांगितले, आजी आरसा चिकटवत नाही. आधी आडवे-उभे टाके घालून त्याला जखडते, मग त्याच टाक्यांत दोरा गुंफत भोवती कडे विणते. हसणाऱ्या पोरी हळूहळू तिच्या बाकाशी सरकल्या. एकीने तर विचारले, “मले शिकवशीन?”

तिच्या आईने फेटिया-कांचळी सोडून साडी घेतली आहे. त्यात वावगे काय? सोयीचे असेल ते माणसाने घालावे. पण एखादा टाका केवळ लाजेपायी मरावा, हे मला सोसत नाही. मीही शहरातली पात्रे रंगवायला बसतो, आणि चार पाने झाली की ती वऱ्हाडीत बोलू लागतात! पूर्वी मी ती वाक्ये खोडत असे. हल्ली राहू देतो.

आजीची नजर आता मंदावली आहे. सुईत दोरा नातच ओवून देते म्हणे. या सुट्टीत तिने आजीशेजारी बसून पुढचा टाकाही घालून पाहावा, एवढेच मी तिला सांगितले आहे.